दारावरचा कॅमेरा: नऊ महिने वापरून, शेजाऱ्यांसकट

वायफायवर चालणारा, मान फिरवणारा, तीन मेगापिक्सेलचा कॅमेरा. कॅमेरा २,८५० रुपये, १२८ जीबीचं कार्ड १,०५०, बसवणावळ ६००. एकूण साडेचार हजार. मागच्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ला, डोंबिवली स्टेशनाजवळच्या एका दुकानातून घेतला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे दोघांनाही थोडं ऐकवायचं आहे. शिवाय या किमतीतले सगळे कॅमेरे एकाच आईची लेकरं असल्यासारखे आहेत. एकाचं अ‍ॅप निळं, दुसऱ्याचं केशरी, एवढाच काय तो फरक.

चित्र कसं येतं, अंधारात दिसतं का, कार्डावर किती दिवस मावतात, असले रिव्ह्यू ढिगाने सापडतात. घेण्याआधी मीही तेच वाचले. पण चार दारांच्या पॅसेजमध्ये एका दारावर कॅमेरा लागला की उरलेल्या तीन दारांचं काय होतं, ते कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे.

आमची बिल्डिंग १९९२ची. चार मजले, लिफ्ट नाही, एका मजल्यावर चार दारं. आम्ही तिसऱ्यावर. मी घाटकोपरला नोकरीला, नवऱ्याची शिफ्ट, मुलगी कॉलेजात. दिवसभर घरी सासूबाई, वय ७९, गुडघे गेलेले. मागच्या मे महिन्यात एक माणूस 'गॅसची तपासणी करायला आलोय' म्हणून घरात शिरला, शेगडीची नळी खराब आहे म्हणाला, नवी लावली आणि आईंकडून दीड हजार घेऊन गेला. नळी दोनशेचीही नसेल. गळ्यात बँकेचं की कसलंसं ओळखपत्र होतं, आईंनी वाचलं नाही. पैसे गेल्याचं काही नाही, पण तो माणूस अर्धा तास घरात होता आणि मला संध्याकाळी साडेसातला कळलं. त्याच आठवड्यात कॅमेरा घ्यायचं ठरलं.

आता आधी यंत्राबद्दल, म्हणजे ते संपवून टाकते. चित्र चांगलं. दिवसा माणूस ओळखू येतो, कुरिअरवाल्याच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचता येतात. रात्री पॅसेजचा दिवा गेला तरी काळं-पांढरं स्वच्छ दिसतं. सतत रेकॉर्डिंग ठेवलं तर कार्ड माझ्याकडे बारा दिवसांत भरतं आणि मग जुनं पुसून नवं लिहितं. फक्त हालचालीवर ठेवलं तर महिनाभर पुरतं. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं पकडतो, ५चं नाही. दुकानदार हे सांगत नाहीत आणि मग आपण राउटरला शिव्या घालतो. लाइट गेली की कॅमेरा मेला. त्यासाठी राउटरबरोबर त्यालाही छोट्या बॅकअपवर टाकावं लागलं, ते वेगळे हजार. पावसाळ्यात रात्री कॅमेऱ्याभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि काचेसमोर जाळं विणतो. रात्री अडीचला फोन वाजतो, 'हालचाल आढळली', आणि पडद्यावर हाताच्या पंजाएवढा पांढराफटक कोळी. पहिल्या वेळेला मी किंचाळले होते. आता दर रविवारी केरसुणीच्या टोकाने पुसते.

बसवायला आलेला मुलगा वीस मिनिटांत मोकळा झाला. स्टुलावर चढला, चौकटीच्या वर भोक पाडलं, कॅमेरा ठोकला, फोनवर दाखवलं. 'मॅडम, फुल व्ह्यू येतोय बघा.' फुल व्ह्यू खरंच येत होता. जिन्याचं वळण, आमचं दार, बाजूची दोन दारं आणि अगदी मधोमध, नेम धरून काढल्यासारखं, समोरच्या काकूंचं दार. तेव्हा ते बंद होतं म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

काकू एकट्या असतात. वय सत्तरीचं. आमच्या आईंची आणि त्यांची तीस वर्षांची बैठक. दुपारी चारला दोघी आपापल्या उंबऱ्यात, काकू प्लॅस्टिकच्या लाल स्टुलावर आणि आई दारातल्या खुर्चीत. मधल्या पाच फुटांत मेथी निवडणं, शेंगा सोलणं आणि अख्ख्या बिल्डिंगची वास्तपुस्त. काकू त्या वेळी गाऊनवर ओढणी टाकून बसायच्या. कॅमेरा लागला त्या आठवड्यात स्टूल दिसेनासं झालं. आईंना वाटलं बरं नाही. मला वाटलं पाऊस आहे. पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर काकू साडी नेसून कचऱ्याची बादली बाहेर ठेवत होत्या. संध्याकाळी सात वाजता, कचऱ्याच्या बादलीसाठी साडी.

'अगं, तुमच्या त्याच्यात आमचं घर दिसतं का?'

मी म्हटलं, या, तुम्हीच बघा. फोन हातात दिला आणि त्यांचं दार उघडं ठेवायला सांगितलं. दिसत होतं. त्यांचा सोफा, टीव्हीचा कोपरा, भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो आणि देवघराचा पडदा. काकू आधी हसल्या. 'ईऽ, सोफा किती मळलाय.' मग खाली सरकवत गेल्या तर दिवसभराची छोटी छोटी चित्रं. काकूंचं दार उघडलं, ९ वाजून ४०. काकूंचं दार उघडलं, १० वाजून ५. अकराला, साडेअकराला, सव्वाला. जिन्यात पाय वाजला की दार उघडायचं, खाली डोकवायचं, परत लावायचं. एका दिवसात नऊ वेळा. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, 'म्हणजे हे तुला कळतं.'

मला काही बोलता आलं नाही. चोर कळावा म्हणून साडेचार हजार घातले होते, आणि कळलं हे.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी सेटिंगमध्ये शिरले. इथे घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या सोयी असतात आणि दोन्ही सारख्याच वाटतात. एकात चौकोन आखला की त्या भागातल्या हालचालीची फक्त सूचना येत नाही, रेकॉर्डिंग चालूच राहतं. दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी प्रायव्हसी मास्क म्हणतात. त्यात तेवढा भाग चित्रातच काळा होतो, कार्डावरही काळाच उतरतो. शेजाऱ्याचं दार दुसऱ्यात टाकायचं असतं. मी आधी पहिलंच केलं आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते.

मास्क लावायला गेले तर अ‍ॅप म्हणतं, मालकाची परवानगी हवी. मालक? पैसे मी दिले, भिंत माझी (भिंत सोसायटीची, त्यावर पुढे येते), मग मालक कोण? मुलीने बघितलं. बसवणाऱ्या मुलाने घाईत कॅमेरा स्वतःच्या फोनवरच्या स्वतःच्या खात्याला जोडला होता आणि मला नुसतं पाहुणी म्हणून आत घेतलं होतं. म्हणजे आठ दिवस आमचा पॅसेज, काकूंचा सोफा आणि आईंच्या औषधाच्या वेळा त्या मुलाच्या खिशात होत्या. फोन केला तर म्हणाला, 'मॅडम, टेस्टिंगला ठेवला होता, काढायचा राहिला.' असेलही तसं. तो बघत बसला असेल असं मी म्हणत नाही, त्याला दिवसाला सहा घरं करायची असतात. पण दुकानदाराला सांगितलं तर त्यालाही यात विशेष काही वाटलं नाही. एप्रिल २०२५पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या तपासणीची अट घातली आहे, खोक्यावर त्याचा उल्लेख बघून घ्या हे मी कुठेसं वाचलं होतं आणि दुकानात विचारलंही होतं. पण तपासलेला असो की बिनतपासलेला, किल्लीच दुसऱ्याच्या खिशात असेल तर काय उपयोग. कॅमेऱ्याच्या पोटात सुईने दाबायचं एक बारीक बटण असतं, ते दहा सेकंद दाबून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून माझ्या खात्यावर जोडलं. बसवणावळीच्या ६०० रुपयांना माझ्याकडून शून्य तारे. हे काम स्वतःच्या फोनवर, बसवणारा समोर उभा असतानाच करून घ्या.

मास्क लागला. काकूंचं दार काळं झालं. मी दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून दाखवलं. 'हं,' म्हणाल्या. स्टूल काही परत आलं नाही.

यातलं इंगित मला पार गणपतीत कळलं. मास्क मला दिसतो, काकूंना दिसत नाही. त्यांना दिसतो तो चौकटीवरचा पांढरा गोळा, त्यातली काळी काच आणि निळा दिवा. मी आत काय काळं केलंय यावर त्यांनी विश्वास ठेवायचा, आणि रोज ठेवायचा, दार उघडताना प्रत्येक वेळी ठेवायचा. शिवाय आमचा गोळा मान फिरवणारा. माणूस दिसलं की त्याच्या मागे मागे वळतो, वळताना बारीक कुर्रऽ आवाज येतो. दुकानात हे फार भारी वाटलं होतं. जिन्यातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दमून वर येणाऱ्या माणसाला कसं वाटत असेल? चौथ्या मजल्यावरच्या वहिनी मला म्हणाल्या, 'तो ना, बघतो. नुसता असता तर चाललं असतं.' पोरांना मात्र मजा. त्यांचा खेळ असा, की एकाने डावीकडे पळायचं, एकाने उजवीकडे, गोळा कुणाच्या मागे जातो त्याच्यावर राज्य.

मागे मागे वळणं बंद केलं. मग निळ्या दिव्याची तक्रार आली, रात्री डोळ्यावर येतो. दिवा बंद केला. दोन दिवसांत कोपऱ्यातल्या घरातले दादा विचारतात, 'बंद केलाय का?' मी म्हटलं नाही, फक्त दिवा बंद केलाय. 'म्हणजे चालू आहे पण कळत नाही?' त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी प्रकरण वाढवून ठेवलंय. दिवा परत चालू.

तेव्हा घेणाऱ्यांनी ऐका. पॅसेजसाठी मान फिरवणारा घेऊ नका. काळ्या घुमटाचा तर नकोच, त्याचं तोंड कुठे आहे ते देवालाही कळत नाही. लांबट, नळकांड्यासारखा मिळतो तो घ्या. तो कुठे बघतोय हे खालून जाणाऱ्या शाळकरी मुलालाही दिसतं. कॅमेरा किती बघतो यापेक्षा तो कुठे बघत नाही हे लोकांना दिसणं, ही सोय खोक्यावर छापलेली नसते.

आवाजाचं वेगळंच. आमच्या कॅमेऱ्याला कान आहेत आणि तोंडही आहे. म्हणजे आपण कुठूनही बोलायचं आणि ते दारात ऐकू जायचं. जुलैत एकदा मी ट्रेनमध्ये, मुंब्र्याच्या आसपास, उभी लटकलेली, आणि कुरिअरवाला दारात. आई झोपलेल्या. मी बटण दाबून म्हटलं, 'दादा, समोर द्या.' कुरिअरवाला सवयीचा, त्याने मान डोलावली. पण काकूंनी त्याच वेळी दार उघडलं होतं. भिंतीतून माझा आवाज आल्यावर त्यांनी जो हात छातीवर ठेवला, तो मी फोनवर बघितला. पार्सल त्यांनी घेतलं, पण संध्याकाळी देताना म्हणाल्या, 'बोलायचं असेल तर फोन कर गं.' त्याच दिवशी हेही लक्षात आलं की चित्रावर पट्टी मारली तरी आवाजावर पट्टी नव्हती. काकू फोनवर मुलाशी बोलतात ते दाराआडूनही थोडंथोडं ऐकू येत होतं. माइक कायमचा बंद केला. या सोयीसाठी मी साताठशे रुपये जास्त मोजले होते.

सगळेच नाराज होते असं नाही. भाड्याने राहणारी तीन पोरं खूश. त्यांची पार्सलं दिवसभर दारात पडलेली असतात. 'ताई, आमच्याकडे पण वळवा ना थोडा.' वॉचमनने मनाला लावून घेतलं. सहा वर्षं इथे आहे, एक चप्पल हरवली नाही, असं खाली दोघांतिघांना बोलून दाखवलं. त्याला चहा देऊन समजूत काढावी लागली. आणि कचरेवाल्या ताईंनी तर सगळ्यांवर कडी केली. आधी दोन दिवस बिचकल्या. मला विचारलं, मी दिसते का यात. नंतर कधीतरी पहिल्या मजल्यावरून तक्रार झाली की बाई रोज येत नाही. तेव्हापासून त्या आमच्या दारात आल्या की बादली उचलतात, कॅमेऱ्याकडे तोंड करतात आणि हात हलवतात. माइक बंद आहे हे त्यांना ठाऊक नाही. ओठांवरून कळतं: आले होते, बघून ठेवा.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय, तिसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा. मी तयारी करून गेले होते. माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे ना, त्यात स्पष्ट म्हटलंय की एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. मी हे सांगितलं, थोडं ऐटीतच. तळमजल्यावरचे आजोबा कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. कलकत्त्याचं प्रकरण. एकाच घरात राहणाऱ्या भाऊबंदांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावले, तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५मध्ये त्याला खासगीपणावरचा घाला म्हटलं आणि सुप्रीम कोर्टानेही ते फिरवलं नाही. 'आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांनी सांगून झालंय,' आजोबा म्हणाले. मी म्हटलं, आजोबा, ते एका घरातलं प्रकरण, इथे पॅसेज आहे. ते म्हणाले, 'पॅसेज कुणाचा?'

पॅसेज सोसायटीचा. भिंतही बाहेरून सोसायटीची. मी अर्जच दिला नव्हता, हे खरं. सेक्रेटरींनी समजुतीने घेतलं. आधी अर्ज, सोबत कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या चित्राचा छापील फोटो, आवाज बंद, कुणाचं दार दिसता कामा नये, आणि रेकॉर्डिंग कुणाला दाखवायचं असेल तर कमिटीला सांगून. बिनविरोध मंजूर. काकू दुसऱ्या रांगेत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. हात मात्र वर केला.

छापील फोटो नोटीस बोर्डावर आठवडाभर होता. दहा सेटिंगांनी जे झालं नाही ते त्या एका रंगीत झेरॉक्सने निम्मं केलं. लोक थांबून बघायचे. 'एवढंच दिसतं होय?'

उरलेलं निम्मं श्रीखंडाच्या डब्याने केलं. हे माझ्या आईंचं डोकं. किलोच्या डब्याचं झाकण घेतलं, अर्धं कापलं, कॅमेऱ्याच्या समोरच्या अंगाला दुहेरी टेपने चिकटवलं. काकूंच्या दाराच्या बाजूला आता एक पांढरी आडोशाची टोपी. मास्क होताच, त्यावर ही. तांत्रिकदृष्ट्या काडीचा फरक नाही, जे आधी काळं दिसायचं ते आताही काळंच दिसतं. पण काकूंना आपल्या उंबऱ्यातून कॅमेऱ्याची काच दिसेनाशी झाली. काच दिसत नाही म्हणजे काचेलाही आपण दिसत नाही. मग आई फोन घेऊन खुर्चीत बसल्या आणि काकू पॅसेजमध्ये एकेक पाऊल सरकत राहिल्या. 'इथे दिसते?' 'अर्धी.' 'आता?' 'पाय दिसतात.' 'आता?' 'गेलीस.' जिथे काकू गेल्या तिथे आईंनी मुलीकडून खडूने रेघ मारून घेतली. दोघींना इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. लाल स्टूल त्या दिवशी बाहेर आलं.

दसऱ्याला आईंनी शिलाई मशीन, मिक्सर, माझा लॅपटॉप यांच्याबरोबर कॅमेऱ्याचीही पूजा केली. हळदकुंकू आणि झेंडूचा छोटा हार. हार दुसऱ्या दिवशीही तसाच. ऑफिसात फोन थांबेना. दुपारपर्यंत १४० सूचना, प्रत्येक चित्रात एक भगवा झेंडू वाऱ्यावर डोलतोय. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोरून दरोडा गेला असता तरी मला कळलं नसतं. दिवाळीत कंदिलाचं तेच.

आता आईंचं. कॅमेरा त्यांच्यासाठीच घेतला होता, त्यामुळे त्यांची तक्रार येईल असं वाटलं नव्हतं. नोव्हेंबरात एकदा मला दुपारी दिसलं की आई आणि काकू, दोघी एकमेकींना धरून, जिना उतरताहेत. तीन मजले, लिफ्ट नाही, डॉक्टरांनी जिना बंद सांगितलेला. पंचवीस मिनिटांनी परत आल्या, काकूंच्या हातात कागदाचा पुडा. संध्याकाळी मी साळसूदपणे विचारलं, 'आई, आज खाली गेला होतात का?' आईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'कॅमेरा चोरासाठी आहे की माझ्यासाठी?' दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलणं. तिसऱ्या दिवशी ऑफिसात सूचना आली, उघडली, तर कॅमेऱ्यासमोर आई. हातात बटाटेवडा. लेन्सच्या दिशेने उंच धरलेला.

त्यानंतर मी दुपारी तीन ते पाच सूचना बंद ठेवते. गॅसवाला त्या वेळात आला तर येवो, बाहेर दोघी बसलेल्या असतात.

एक प्रसंग लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. कोपऱ्यातल्या घरातले दादा, ज्यांनी दिव्यावरून विचारलं होतं आणि सभेत सगळ्यात जास्त तेच बोलले होते. जानेवारीत एका रात्री साडेनऊला आमच्याकडे आले. बसले, पाणी घेतलं. मग हळूच म्हणाले, शनिवारी रात्री आमचा मुलगा किती वाजता आला आणि बरोबर कोण होतं, तेवढं बघून सांगता का. मला माहीत होतं. एक वाजून वीस, बरोबर एक मुलगी, जिन्याच्या वळणावर पाच मिनिटं उभे होते, मग ती खाली गेली. बस्स. मी म्हटलं, दादा, कार्ड बिघडलंय, आठवड्याचं सगळं गेलं. त्यांना पटलं असं वाटत नाही. कमिटीची परवानगी आणा असं सांगता आलं असतं, नियमच आहे तसा, पण मग ते सभेतल्या विषयासारखं झालं असतं. ते गेल्यावर मी खरंच तो आठवडा पुसला. तेव्हापासून फक्त हालचालीवर ठेवलंय आणि दर रविवारी कोळ्याबरोबर कार्डही साफ करते. महिनाभराचं साठवून मला करायचंय काय?

कॅमेऱ्याने चोर पकडला का, असं ऑफिसात विचारतात. नाही. चोर आलाच नाही, तेव्हा कॅमेऱ्यामुळे आला नाही की तसाही येणार नव्हता, हे सांगता येत नाही. एकदा पाण्याचा फिल्टर विकायला आलेला एक जण वर बघून, न थांबता पुढे गेला. एवढंच खात्यावर जमा आहे. कॅमेऱ्याची पाटी मात्र लावली आहे, 'येथे कॅमेरा आहे, आवाज नोंदला जात नाही'. मराठीत, मोठ्या अक्षरांत. अशी पाटी कंपनीने खोक्यात द्यायला हवी. त्याऐवजी इंग्रजीतलं स्टिकर येतं, ज्यावर एक डोळा काढलेला आहे. तो डोळा मी लावला नाही.

तारे द्यायचे तर चित्राला चार. अ‍ॅपला दोन, कारण मास्क शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या आणि तोपर्यंत ते 'ढगात', म्हणजे इंटरनेटवर कंपनीकडे, रेकॉर्डिंग ठेवायचं वर्गणीचं पान सात वेळा समोर आलं. मान फिरवण्याला एक, तोही पोरांनी दिलाय. दुकानाला दोन. बसवणाऱ्याचं वर सांगितलं. श्रीखंडाच्या झाकणाला पाच. कुणाच्या घरी एकटं म्हातारं माणूस असेल तर घ्या म्हणेन, पण भोक पाडायच्या आधी समोरच्याला घरी बोलावून चित्र दाखवा. मी भोक आधी पाडलं.

परवा चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी पण लावला. काळ्या घुमटाचा, जिन्याच्या वरच्या वळणावर. गच्चीवर कपडे वाळत घालायला त्यांच्याच समोरून जावं लागतं. त्यांनी मला सांगितलंय की त्याचं तोंड त्यांच्या दाराकडे आहे, आणि वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. तरी काल बादली घेऊन चढताना शेवटच्या चार पायऱ्यांवर थांबले, बादली खाली ठेवली आणि ओढणी सारखी केली.

झाकणाचं उरलेलं अर्धं अजून ओट्याखालच्या कप्प्यात आहे. रविवारी घेऊन वर जाते.